हिवाळ्यातला बाजार : बेसबॉलचे पगार आणि ‘एक वर्ष’ या दोन शब्दांचं भांडण

आजचा विषय खेळाचा आहे, पण मैदानावर आपण फारसे जाणार नाही. अमेरिकेतल्या बेसबॉलचा मोसम ऑक्टोबरच्या अखेरीला किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीला संपतो. मग मैदानं ओस पडतात, आणि नेमका त्याच थंडीत या खेळातला सर्वांत मोठा व्यवहार चालतो. ज्यांचे करार संपले ते खेळाडू बाजारात येतात आणि संघमालक त्यांच्यामागे पैशाच्या थैल्या घेऊन धावतात. पूर्वी लोक शेगडीभोवती बसून पुढच्या मोसमाच्या गप्पा मारायचे, म्हणून या दिवसांना तिकडे ‘हॉट स्टोव्ह’चे दिवस म्हणतात.

आकडे ऐका. डिसेंबर 2023 मध्ये शोहेई ओतानी या जपानी खेळाडूनं लॉस एंजेलिस डॉजर्सशी 10 वर्षांचा, 70 कोटी डॉलरचा करार केला. पुढच्याच डिसेंबरात ह्वान सोटो न्यूयॉर्क मेट्सकडे गेला : 15 वर्षं, 76.5 कोटी डॉलर. आपल्याकडे नोव्हेंबर 2024 च्या आयपीएल लिलावात ऋषभ पंतला लखनौनं 27 कोटी रुपयांना घेतलं तेव्हा आपण सगळे अवाक झालो होतो. पण या दोन बाजारांत एक मूलभूत फरक आहे. आयपीएलमध्ये प्रत्येक संघाची पर्स सारखी असते आणि कुठल्या संघात जायचं हे लिलावाच्या टेबलावर ठरतं. खेळाडूला तिथं विचारत नाहीत. बेसबॉलमध्ये संघाच्या खर्चावर पक्की मर्यादा नाही, आणि कुणाकडे जायचं हे खेळाडू स्वतः ठरवतो. हा ‘स्वतः’ यायला जवळजवळ शंभर वर्षं लागली. आज आपण ती शंभर वर्षं बघणार आहोत.

पगार वाढले आणि खेळात पैसा शिरला, असं आपण सहज म्हणतो. हे खरं नाही. बेसबॉलमध्ये पैसा पहिल्यापासून होता. डिसेंबर 1919 च्या शेवटच्या आठवड्यात बॉस्टनच्या मालकानं बेब रूथ नावाचा खेळाडू न्यूयॉर्क यांकीजला विकला. 1 लाख डॉलर, आणि वर कर्ज वेगळं. त्या काळात हा प्रचंड आकडा होता. पण तो रूथला मिळालेला नाही; तो बॉस्टनच्या मालकाला मिळाला. माणसाची किंमत तेव्हाही होतीच, फक्त ती माणसाला मिळत नव्हती. पुढचा सगळा इतिहास याच रकमेचा खिसा कसा बदलला, याचा आहे.

ही व्यवस्था सुरू झाली 1879 मध्ये. नॅशनल लीगच्या मालकांनी गुपचूप ठरवलं की प्रत्येक संघानं आपले 5 खेळाडू ‘राखीव’ ठेवायचे आणि दुसऱ्या कुणी त्यांना बोलवायचं नाही. गंमत म्हणजे आपण राखीव आहोत हे सुरुवातीला खेळाडूंना एखाद्या मानासारखं वाटलं. हळूहळू पाचाचे अकरा झाले, मग सगळा संघ राखीव झाला, आणि हे कलम करारातच छापून येऊ लागलं. मजकूर साधा होता. खेळाडूनं नव्या मोसमाचा करार सही केला नाही, तर संघाला जुना करार त्याच अटींवर एक वर्ष वाढवता येईल. आता मालकांचा युक्तिवाद बघा : करार वाढला म्हणजे त्यातलं प्रत्येक कलम वाढलं, म्हणजे करार वाढवण्याचं हे कलमसुद्धा वाढलं. मग पुढच्या वर्षी पुन्हा वाढवा, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. एक वर्षाचा करार, पण जन्मभर पुरणारा!

आपल्या खेड्यापाड्यांतला सालगडी गरीब असेल, पण त्याचं साल पाडव्याला भरतं. पटलं तर त्याच वाड्यावर राहायचं, नाही तर दुसरा मालक बघायचा. बेसबॉलच्या खेळाडूला पाडवाच नव्हता. मालक त्याला विकू शकत होता, दुसऱ्या संघाच्या खेळाडूशी अदलाबदल करू शकत होता, काढून टाकू शकत होता. त्याच्या हातात एकच गोष्ट होती, खेळ सोडणं.

कोर्टात कुणी गेलं नाही असं नाही. 1922 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं सांगितलं की बेसबॉलचे सामने हा राज्याराज्यांतला व्यापार नव्हे, त्यामुळे मक्तेदारीविरोधी कायदा त्याला लागू होत नाही. संघ रेल्वेनं राज्यं ओलांडतायत, तिकिटं विकतायत, आणि हा व्यापार नाही! 1953 मध्ये तेच न्यायालय पुन्हा म्हणालं, बदल हवा असेल तर संसदेनं करावा.

आता आपण कर्ट फ्लडकडे येऊ. या माणसावर थोडं जास्त थांबायला हवं.

फ्लड हा सेंट लुईस कार्डिनल्सचा सेंटरफील्डर. बारा मोसम तो त्या संघात होता, उत्तम क्षेत्ररक्षणाचा ‘गोल्ड ग्लव्ह’ त्यानं ओळीनं सात वर्षं मिळवला होता आणि 1969 मध्ये त्याचा पगार 90 हजार डॉलर होता. त्या काळच्या मानानं तो श्रीमंत खेळाडू. ऑक्टोबर 1969 मध्ये एका सकाळी त्याला फोन आला की तुला फिलाडेल्फियाला पाठवलंय. फोन मालकाचा नव्हता, कचेरीतल्या मधल्या फळीतल्या एका माणसाचा होता. फ्लड तेव्हा 31 वर्षांचा होता. कृष्णवर्णीय खेळाडू म्हणून दक्षिणेतल्या छोट्या गावांत त्यानं उमेदवारीची वर्षं काढली होती. गोऱ्या सहकाऱ्यांच्या हॉटेलात आपल्याला खोली मिळत नाही हे त्यानं अनुभवलं होतं. फिलाडेल्फिया त्याला जास्त पैसे द्यायला तयार होतं, सुमारे 1 लाख डॉलर. त्यानं नकार दिला. 24 डिसेंबर 1969 रोजी त्यानं बेसबॉलचे कमिशनर बोवी क्यून यांना पत्र लिहिलं. त्याचा आशय एवढाच की माझ्या इच्छेला न विचारता खरेदीविक्री व्हावी अशी मी वस्तू नाही. क्यून यांनी उत्तर पाठवलं : तुम्ही वस्तू नाही हे मान्य, पण त्याचा इथं काय संबंध?

टीव्हीवर त्याला विचारलं गेलं की वर्षाला 90 हजार डॉलर कमावणारा माणूस गुलाम कसा? त्याचं उत्तर होतं की चांगला पगार मिळाला तरी गुलाम तो गुलामच. हे वाक्य त्याला महागात पडलं. कारखान्यात राबणाऱ्या प्रेक्षकाला ते उद्धट वाटलं. आमच्या मते हा राग समजण्यासारखा आहे. पण फ्लडचा मुद्दा रकमेचा नव्हताच, आणि फार थोड्यांनी तो नीट ऐकून घेतला.

खटल्याच्या सुनावणीत जॅकी रॉबिन्सननं त्याच्या बाजूनं साक्ष दिली, हँक ग्रीनबर्गनं दिली. दोघेही निवृत्त. त्या वेळी खेळत असलेला एकही खेळाडू साक्षीला आला नाही. सर्वोच्च न्यायालयात 19 जून 1972 रोजी फ्लड 5 विरुद्ध 3 असा हरला. नववे न्यायमूर्ती पॉवेल बाजूला राहिले, कारण कार्डिनल्सची मालक असलेल्या बिअर कंपनीचे शेअर त्यांच्याकडे होते. निकालपत्र न्यायमूर्ती ब्लॅकमन यांचं. सुरुवातीलाच त्यांनी खेळाचा इतिहास लिहून जुन्या 80 हून अधिक खेळाडूंची नावं प्रेमानं नोंदवलीत. मग मान्य केलं की बेसबॉलला मिळालेली सूट विसंगत आहे, आणि ती तशीच राहू दिली.

फ्लड 1970 चा पूर्ण मोसम घरी बसला होता. 1971 मध्ये वॉशिंग्टनकडून 13 सामने खेळला आणि देश सोडून गेला. हातात काहीच आलं नाही.

कोर्टाचा दरवाजा बंद झाला, पण तोवर दुसरा एक दरवाजा किलकिला झाला होता. 1966 मध्ये खेळाडूंच्या संघटनेनं मार्विन मिलर यांना नेमलं. हे गृहस्थ पोलाद कामगारांच्या युनियनमधले अर्थतज्ज्ञ. त्यांनी आल्याआल्या क्रांतीची भाषा केली नाही. किमान पगार 6 हजारांवरून 10 हजार डॉलर करून घेतला, आणि 1970 मध्ये एक रुक्ष वाटणारं कलम मिळवलं : कराराबद्दल तक्रार झाली तर निवाडा कमिशनर करणार नाहीत, तटस्थ लवाद करेल. मालकांना तेव्हा याचं महत्त्व कळलं नसावं.

पहिला तडाखा 1974 मध्ये बसला. ओकलंडचे मालक चार्ली फिनली यांनी कॅटफिश हंटर या आपल्या सर्वोत्तम पिचरचे 50 हजार डॉलर करारात ठरल्याप्रमाणे विमा योजनेत भरले नाहीत. लवाद होते पीटर साइट्झ. त्यांनी निकाल दिला की करार मालकानं मोडला, खेळाडू मोकळा. बघता बघता नॉर्थ कॅरोलायनातल्या अहोस्की या छोट्या गावात संघांच्या प्रतिनिधींची रीघ लागली. वर्षाच्या शेवटच्या दिवशी हंटर यांकीजकडे गेला, पाच वर्षं, सुमारे 35 लाख डॉलर. आदल्या मोसमात त्याला 1 लाख मिळत होते. खुल्या बाजारात पिचरची किंमत काय असते, हे त्या दिवशी सगळ्या देशाला दिसलं.

पण हा अपवाद होता, मालकाच्या चुकीमुळे घडलेला. मुख्य कलमाला हात 1975 मध्ये लागला. डॉजर्सचा अँडी मेसरस्मिथ आणि माँट्रियलचा डेव्ह मॅकनॅली हे दोन पिचर नवीन करारावर सही न करता मोसमात उतरले. मॅकनॅली तर जूनमध्येच खेळ सोडून माँटानातल्या आपल्या गावी परतला होता, त्याला पुढे खेळायचंही नव्हतं. मेसरस्मिथनं ऐनवेळी सही केली तर खटला बुडू नये, म्हणून त्याचं नाव ठेवलं होतं. मोसम संपल्यावर मिलर यांनी विचारलं, करारात ‘एक वर्ष’ लिहिलंय, एक वर्ष संपलं, आता हे दोघं कुणाचे? साइट्झ यांनी दोन्ही बाजूंना आधी सुचवलं की आपसात मिटवा. मालकांनी ऐकलं नाही. 23 डिसेंबर 1975 रोजी निकाल आला : एक वर्ष म्हणजे एक वर्ष. त्याच दिवशी मालकांनी साइट्झ यांना कामावरून काढलं. वरच्या कोर्टातही निकाल टिकला.

मेसरस्मिथ अटलांटाला गेला. तिथले मालक टेड टर्नर यांचं 17 क्रमांकाचं टीव्ही चॅनल होतं, म्हणून त्यांनी त्याला 17 नंबरचा शर्ट दिला आणि वर नावाच्या जागी ‘चॅनल’ असं लिहून घेतलं! लीगनं ते बंद करायला लावलं. माणूस मालकीचा राहिला नाही तर निदान जाहिरातीचा फलक.

आता यातला आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा टप्पा. निकालानंतर फिनली म्हणत होते, सगळ्यांनाच दरवर्षी मोकळं करा. बाकीच्या मालकांनी त्यांना वेड्यात काढलं. मिलर मात्र हे ऐकून धास्तावले होते. शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको : बाजारात सगळा कांदा एकदम आला की भाव पडतो. शेकडो खेळाडू दर हिवाळ्यात एकाच वेळी उभे राहिले असते तर किंमत कोसळली असती. म्हणून जुलै 1976 च्या करारात सहा वर्षं मोठ्या लीगमध्ये काढलेल्यालाच मोकळीक, अशी अट आली. मालकांना वाटलं आपण खेळाडूंना अडवलं. वस्तुतः आवक मोजकी राहिली आणि मोजक्या मालावर बोली चढत गेली. 1976 मध्ये सरासरी पगार सुमारे 51,500 डॉलर होता, 1980 मध्ये तो 1 लाख 43 हजारांवर गेला.

अर्थात याची किंमत तरुण खेळाडू भरतात. पहिली दोन-तीन वर्षं ते जवळपास किमान पगारावर खेळतात, आणि अनेकांची कारकीर्द सहा वर्षं पुरतच नाही. हिवाळ्यातल्या मोठ्या आकड्यांच्या बातम्यांत ही मुलं दिसत नाहीत. मिलर यांची ही चाल हुशारीची होती, पण सगळ्यांना सारखा न्याय देणारी नव्हती, असं आम्हाला वाटतं.

मालक स्वस्थ बसले नाहीत. 1985 च्या हिवाळ्यात अचानक बोलीच थांबल्या. डेट्रॉइटच्या कर्क गिब्सनसारख्याला बाहेरून कुणी विचारेना. 1987 मध्ये आंद्रे डॉसननं शिकागो कब्जसमोर कोरा करार ठेवला, आकडा तुम्ही भरा म्हणाला. त्यांनी मूळ पगार 5 लाख डॉलर भरला, जो त्याच्या आधीच्या पगारापेक्षा कितीतरी कमी होता. त्या वर्षी त्यानं 49 होमरन मारले आणि शेवटच्या क्रमांकावरच्या संघात राहून नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. मालकांनी आपसात संगनमत केलं होतं हे लवादांनी एकामागून एक निकालांत मान्य केलं, आणि 1990 मध्ये 28 कोटी डॉलर भरपाई ठरली. मग 1994 चा संप, जागतिक मालिकाच रद्द, 232 दिवस. मालकांना पगारावर पक्की मर्यादा हवी होती. ती मिळाली नाही. तिच्याऐवजी ‘लक्झरी टॅक्स’ आला. ठरावीक रकमेवर खर्च केलात तर दंड भरा, पण खर्च करता येतो. 2024 मध्ये एकट्या डॉजर्सनं 10 कोटी डॉलरच्या वर असा कर भरला.

मग श्रीमंत संघच जिंकणार का? हा प्रश्न दरवेळी येतो. एक गोष्ट लक्षात घ्या. राखीव कलमाच्या काळात, 1921 ते 1964 मध्ये, यांकीजनं 20 वेळा जागतिक मालिका जिंकली. खेळाडू बांधलेले होते म्हणून समतोल होता, ही दंतकथा आहे. उलट 2002 मध्ये ओकलंडनं यांकीजच्या एक तृतीयांश पगारात त्यांच्याइतकेच, 103 सामने जिंकले. आणि 2023 मध्ये तोवरचा विक्रमी खर्च करून मेट्स 87 सामने हरले. डॉजर्सनं मात्र 2024 आणि 2025 अशी लागोपाठ दोन विजेतेपदं मिळवली, त्यामुळे ही चर्चा पुन्हा तापली. आमच्या मते दरी पगारातून आलेली नाही, स्थानिक टीव्हीच्या उत्पन्नातून आली आहे. डॉजर्सचा 2013 चा प्रक्षेपण करार 25 वर्षांचा आणि सुमारे 835 कोटी डॉलरचा आहे. छोट्या शहरातल्या संघाला असं कोण देणार? हा पैसा मालकांनी आपसात वाटून घ्यावा लागेल. ते अवघड असतं, म्हणून पगारमर्यादेची भाषा सोपी वाटते. सध्याचा करार 1 डिसेंबर 2026 पर्यंतचा आहे आणि तोच वाद त्या टेबलावर आहे.

एक राहिलं. कर्ट फ्लड जानेवारी 1997 मध्ये वारला. पुढच्या वर्षी संसदेनं त्याच्या नावाचा कायदा करून मोठ्या लीगच्या खेळाडूंना मक्तेदारीविरोधी कायद्याचं संरक्षण दिलं. बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये क्यून 2008 साली गेले. मिलर 2012 मध्ये वारले. त्यांची निवड झाली डिसेंबर 2019 मध्ये. फ्लडची अजून झालेली नाही.

प्रश्नांसाठी वेळ ठेवला आहे. विचारा.