ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्ट

इंग्लंड व वेल्समध्ये सॉलिसिटर होण्यासाठी लॉ फर्ममध्ये करावयाची दोन वर्षांची उमेदवारी. लंडनमधील बड्या फर्म ही भरती सुमारे दोन वर्षे आधी, बहुधा सुट्टीतील अल्पकालीन उमेदवारीतून करतात. ऑक्सफर्ड-केंब्रिजकडील कल व ओळखीने मिळणारा अनुभव यांमुळे तिच्या निष्पक्षतेवर आक्षेप घेतले गेले. काही फर्मनी मुलाखतकारांपासून विद्यापीठाचे नाव दडवले. उपाय स्तुत्य, पण अपुरा. बारावीच्या तोडीच्या ‘ए-लेव्हल’ गुणांची चाळणी अनेकदा त्याआधीच लागलेली असते. २०२१ पासून ‘एसक्यूई’ परीक्षेसोबत कमाल चार संस्थांमधील मिळून दोन वर्षांचा अनुभवही ग्राह्य ठरतो. त्यात विधी-सल्ला केंद्रातील विनावेतन कामही मोजले जाते. बड्या फर्ममधील जागांची निवड मात्र त्या फर्मच करतात.