लंडनच्या बसमध्ये पोरांचं तिकीट कोण काढतं?

मागच्या उन्हाळ्यात मी तीन आठवडे लंडनला होते. फिरायला गेले असं सगळ्यांना सांगितलं, पण खरं म्हणजे पोरं सांभाळायला गेले होते. ताई आणि भावोजी दोघंही नोकरीवर, शाळेला सुट्टी, म्हणून नऊ वर्षांची भाची आणि चार वर्षांचा भाचा दिवसभर माझ्या ताब्यात. ताईने खर्चाला दिवसाचे २५ पाउंड ठरवून दिले. तिघांचं खाणंपिणं, फिरणं, सगळं त्यातच.

पहिल्या दिवशी मी माती खाल्ली. एका म्युझियमजवळच्या कॅफेत शिरलो. तीन सँडविच, दोन ज्यूस, एक कॉफी आणि भाच्याने हट्टाने घेतलेला केकचा तुकडा. बिल आलं ३८ पाउंड. मनातल्या मनात रुपये केले आणि चार हजारांच्या वर आकडा गेल्यावर हिशोब सोडून दिला. संध्याकाळी ताईला ते सांगायची इतकी लाज वाटली की वरचे तेरा पाउंड गुपचूप माझ्या पर्समधून घातले.

दुसऱ्या दिवशी शहाणपण सुचलं आणि बसने निघालो. चढल्यावर मी माझं कार्ड मशीनला लावलं, मग पोरांचे पैसे द्यायला परत लावायला गेले. भाचीने माझा हात धरला. "मावशी, आम्हाला नाही लागत." मी विचारलं, का? ती म्हणाली, "कारण आम्ही लहान आहोत."

उत्तर बरोबर होतं. पण मी पडले इतिहासवाली, माझं त्याने समाधान होईना. आपल्याकडे एसटीत पाच वर्षांवरच्या पोराचं हाफ तिकीट निघतं, त्यासाठी आया पोराचं वय दोन-दोन वर्षं वाढू देत नाहीत. इथे अख्खं तिकीटच माफ? कुणी ठरवलं हे? कधी? आणि पैसे कोण भरतं?

तर सुरुवात अशी, की लंडनमध्ये प्रवास ही गरिबांची गोष्टच नव्हती. ४ जुलै १८२९ ला जॉर्ज शिलिबीअर नावाच्या माणसाने पॅडिंग्टन ते बँक अशी घोड्यांची ऑम्निबस सुरू केली. तीन घोडे, बावीस माणसं, आणि पूर्ण प्रवासाचं भाडं एक शिलिंग. मजुराला ते रोज परवडणं शक्यच नव्हतं. तो चालत जायचा. त्याची बायको-पोरं तर कुठे जातच नव्हती.

मग आली रेल्वे. १० जानेवारी १८६३ ला पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन ही जगातली पहिली भुयारी रेल्वे सुरू झाली. पहिल्याच दिवशी सुमारे ३८ हजार माणसं बसली. पुढच्या वर्षी त्याच कंपनीने पहाटे साडेपाचच्या सुमाराला कामगारांसाठी खास गाड्या सोडल्या, येण्याजाण्याचे मिळून तीन पेनी.

आता इथे जरा थांबते, कारण पुढची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. रेल्वे शहरात घुसवायची तर घरं पाडावी लागतात. कोणाची पाडतात? जमीन स्वस्त असते त्यांची. लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनसाठी ग्रेट ईस्टर्न रेल्वेला दाट वस्तीतून रूळ न्यायचे होते. १८६४ मध्ये पार्लमेंटने परवानगी दिली, पण अट घातली: एडमंटन आणि वॉल्थमस्टोकडून रोज कामगार गाडी चालवा, येण्याजाण्याचं भाडं फक्त दोन पेनी. म्हणजे आधी घर गेलं, लांब राहायला जावं लागलं, आणि त्या बदल्यात स्वस्त तिकीट मिळालं. पुढे १८८३ च्या 'चीप ट्रेन्स' कायद्याने सगळ्याच रेल्वे कंपन्यांना अशा गाड्या चालवणं भाग पाडलं. ईशान्य लंडनची ती गावं बघता बघता कामगारांच्या घरांनी भरून गेली.

पण ही स्वस्ताई घड्याळाला बांधलेली होती. पहाटे जा, घाम गाळा, परत या. दुपारी अकराला दोन पोरांना घेऊन निघालेल्या बाईला तिचा काडीचा उपयोग नव्हता. सवलत माणसाला नव्हती, मजुरीला होती.

खाण्याचं तेच. पुरुषांना पब होते, चॉपहाउस होती. बायकांनी एकटं बसून खावं आणि कोणी वळून बघू नये अशी जागा शोधावी लागे. १८९४ मध्ये २१३ पिकाडिली इथे जे. लायन्स कंपनीने आपलं पहिलं चहाचं दुकान उघडलं. पांढरी-सोनेरी पाटी, ठरलेले दर, सगळ्या शाखांमध्ये तोच चहा. त्याआधी एबीसी नावाच्या बेकरी कंपनीची चहाची दुकानं होतीच. पण लायन्सने ती चाल इतकी पसरवली की पुढे त्यांची दोनशेच्या वर दुकानं झाली. खरेदीला आलेली आई पोराला घेऊन आत जायची, चहा आणि बन मागवायची, आणि बिल किती होणार हे तिला आधीच माहीत असायचं. माझ्या ३८ पाउंडांनंतर या शेवटच्या गोष्टीची किंमत मला नीट कळते.

पबमध्ये ती पोराला नेऊच शकत नव्हती. १९०८ च्या बालकायद्याने चौदा वर्षांखालच्या मुलांना दारूच्या बारमध्ये यायला बंदी केली. हेतू चांगलाच होता, दारूपासून पोरं वाचवायची. पण त्यामुळे गल्लीतली जेवायची सगळ्यात स्वस्त जागा कुटुंबाला बंद झाली, ती अगदी परवापरवापर्यंत. मुलांना पबच्या बारमध्ये बसून जेवता यावं यासाठी खास परवाने द्यायला १९९५ मध्ये सुरुवात झाली. आज पबबाहेर पोरांच्या मेनूची पाटी दिसते ना, ती पाटी माझ्यापेक्षा फार मोठी नाही.

आणि मग युद्ध. बॉम्बने घरं गेली, चुली गेल्या, रेशनिंग आलं. १९४० मध्ये सरकारने सामुदायिक भोजन केंद्रं सुरू केली. चर्चिलना ते नाव आवडेना, त्यात त्यांना कम्युनिझमचा वास यायला लागला, म्हणून नाव झालं 'ब्रिटिश रेस्टॉरंट'. शाळेच्या हॉलमध्ये, चर्चच्या सभागृहात टेबलं मांडायची, रांगेत ताट घ्यायचं. मांस, दोन भाज्या, पुडिंग, साधारण नऊ पेनीत पोटभर. १९४३ पर्यंत देशभरात अशी दोन हजारांहून जास्त केंद्रं होती. आपल्या शिवभोजन थाळीचीच कल्पना, फक्त डोक्यावर विमानं. इथे कारकून, मजूर, आया, पोरं एकाच रांगेत उभी राहायची. युद्ध संपल्यावर १९४७ च्या कायद्याने नगरपालिकांना ही केंद्रं पुढे चालवायची मुभा दिली, पण हळूहळू ती बंद पडत गेली. मला याचं वाईट वाटतं. आज लंडनमध्ये सरकारी ताट मिळत नाही, सुपरमार्केटचं 'मील डील' मिळतं: सँडविच, चिप्सचं पाकीट, पेय. पोट भरतं. जेवण झालं असं मात्र म्हणवत नाही.

आता बसकडे परत येऊ, कारण खरी मारामारी तिथे झाली. १९८१ मध्ये लंडनच्या महापालिकेत, म्हणजे ग्रेटर लंडन कौन्सिलमध्ये, केन लिव्हिंगस्टन सत्तेवर आले आणि ऑक्टोबरमध्ये बस-ट्यूबचं भाडं सरासरी ३२ टक्क्यांनी खाली आणलं. पैसे? घरपट्टीसारख्या स्थानिक करातून. त्यावर ब्रॉमली नावाच्या उपनगराने कोर्टात धाव घेतली. त्यांचं म्हणणं, आमच्याकडे ट्यूबचं एकही स्टेशन नाही, मग आम्ही का भरायचं? गंमत बघा, मुद्दा तसा बिनचूक होता. डिसेंबरमध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला की कपात बेकायदा आहे. वाद बराचसा एका शब्दावर फिरला: कायद्यात सेवा 'इकॉनॉमिक' हवी असं लिहिलं होतं, त्याचा अर्थ काय? मार्च १९८२ मध्ये भाडं जवळजवळ दुप्पट झालं. मग १९८३ मध्ये कायद्यात बसेल अशा बेताने पुन्हा कमी केलं, आणि सोबत आलं ट्रॅव्हलकार्ड, एकाच पासवर बस आणि ट्यूब दोन्ही. १९८६ मध्ये ते कौन्सिलच बरखास्त झालं.

पण माणूस चिवट. २००० मध्ये लंडनला पहिल्यांदा थेट निवडलेला महापौर मिळाला, तो हाच लिव्हिंगस्टन. सप्टेंबर २००५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना बस फुकट झाली, पुढच्या वर्षी शिकणाऱ्या सोळा-सतरा वर्षांच्यांनाही. म्हणजे माझ्या भाचीचं 'आम्ही लहान आहोत' हे उत्तर अजून वीस-एकवीस वर्षांचंच आहे.

आणि ते जाता जाता वाचलं. मे २०२० मध्ये कोविडमुळे लंडनची वाहतूक यंत्रणा बुडायला आली तेव्हा केंद्र सरकारने मदतीसोबत अट घातली की मुलांचा फुकट प्रवास थांबवा. शाळकरी मुलांनीच मोहीम उघडली. आम्ही शाळेत कसं जायचं, हा त्यांचा साधा प्रश्न होता. नोव्हेंबरपर्यंत ती अट मागे पडली, मात्र सवलतीचा खर्च लंडननेच उभा करायचा असं ठरलं. भाचीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे तेव्हा मी तीन-चार वर्षांची होते?" हो बाळा, आणि तुला त्यातलं काहीच माहीत नव्हतं.

तुमच्यापैकी कोणी पोरं घेऊन जाणार असेल तर आमचा हिशोब सांगते. मी गेले तेव्हा बसचं एक तिकीट १.७५ पाउंड होतं, तासाभरात बस कितीही बदला, आणि दिवसभर नुसती बसच वापरली तर तेव्हा ५.२५ च्या वर पैसे कापत नसत. अकराच्या आतल्या पोरांना बस फुकटच. ट्यूबमध्येही एका मोठ्या माणसासोबत अशी चार पोरं फुकट जातात. अकरा ते पंधरा वयाच्या पाहुण्या मुलांसाठी स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याला सांगून ऑइस्टर कार्डावर काही दिवसांची अर्धी सवलत घालून घ्यायची. बाबागाडी असेल तर बसच बरी. ट्यूबची खोल भुयारं शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची, पायऱ्या न चढता प्लॅटफॉर्मवर जाता येईल अशी स्टेशनं साधारण एक तृतीयांशच आहेत. एकदा मी भाच्याला एका काखेत आणि घडी केलेली गाडी दुसऱ्या काखेत घेऊन जिना चढले, परत तो प्रयोग केला नाही.

पाणी विकत घेऊ नका. १८५९ मध्ये, कॉलऱ्याच्या साथींनंतर, स्मिथफील्डजवळ सेंट सेपल्कर चर्चच्या कुंपणात फुकट पाण्याचा पहिला कारंजा बसवला, तो अजून तिथे आहे. आणि दारूचा परवाना असलेल्या कुठल्याही हॉटेलात नळाचं पाणी मागितलं तर फुकट देणं कायद्याने बंधनकारक आहे. मागायला लाजायचं नाही.

बाकी आम्ही डबा न्यायचो. पोळीचा रोल, काकडी, केळी. बऱ्याच म्युझियममध्ये डबा खायला जागा असते. वाचलेल्या पैशातून शेवटच्या शुक्रवारी एक मोठी फिश अँड चिप्स घेतली. युद्धातसुद्धा जिच्यावर रेशनिंग नव्हतं ती ही डिश, आता मात्र स्वस्त राहिलेली नाही. बागेतल्या बाकावर तिघांत एक. भाच्याने सगळे चिप्स खाल्ले, मासा आम्हा दोघींना ठेवला आणि परतीच्या बसमध्ये वरच्या मजल्यावर, सगळ्यात पुढच्या सीटवर, तोंडाला व्हिनेगरचा वास घेऊन झोपून गेला.

त्या दिवसाचे २५ पैकी सहा पाउंड उरले. ते मी ताईला परत दिले, आणि पहिल्या दिवसाचे तेरा तेव्हाच कबूल करून टाकले.