दादासाहेबांचा बायोडेटा

मागच्या शुक्रवारी आमच्या टीममधल्या एकाने पेपर टाकले. वय सत्तावीस, इंजिनिअरिंगची डिग्री, पाच वर्षांचा अनुभव, लालबागला आईवडिलांबरोबर राहतो, डोक्यावर लोन नाही. सगळ्यांना वाटलं, दुसरीकडे जास्त पॅकेज मिळालं असणार. तर नाही. साहेबांना फिल्म एडिटिंग शिकायचंय, आणि पुढे तेच करायचंय!

दुपारी जेवणाच्या टेबलावर लगेच दोन पक्ष पडले. एक पक्ष म्हणे, "ग्रेट! आयुष्य एकदाच मिळतं." दुसरा म्हणे, "वेडा आहे. लग्न झालं, हप्ते सुरू झाले की कळेल." मी दोन्हीकडे मान हलवत डबा संपवला. शेवटी कुणीतरी ठेवणीतलं उदाहरण काढलं. "दादासाहेब फाळक्यांनी असाच विचार केला असता तर?"

झालं, वाद संपला. पण मला ते वाक्य शनिवार-रविवार छळत राहिलं. फाळक्यांनी नक्की कसा विचार केला होता?

आपल्याला पाठ असलेली गोष्ट अशी. फाळके नावाचे गृहस्थ ख्रिस्ताच्या जीवनावरचा सिनेमा बघतात, झपाटतात, सगळं सोडतात, होतं नव्हतं ते गहाण टाकतात आणि 'राजा हरिश्चंद्र' काढतात. टाळ्या! ही गोष्ट खोटी नाही. पण तिच्यात आधीची पंचवीस वर्षं गाळलेली आहेत, आणि आपल्यासारख्यांच्या उपयोगाचं जे काही आहे ते तिथेच आहे. तर आज त्यांचा बायोडेटा मांडून बघू.

धुंडिराज गोविंद फाळके. जन्म ३० एप्रिल १८७०, त्र्यंबकेश्वर. वडील संस्कृतचे विद्वान. मुलगा चित्रं काढतो म्हणून १८८५ साली, म्हणजे पंधराव्या वर्षी, मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल. तिथून बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या कलाभवनात. तिथे चित्रकला झाली, फोटोग्राफी झाली, पुढे ब्लॉक बनवणं आणि लिथोग्राफीही शिकून झाली. म्हणजे शिक्षण चांगलं भक्कम. आजच्या भाषेत पोर्टफोलिओ तयार.

आणि पुढे? गोध्र्याला फोटो स्टुडिओ. प्लेगच्या साथीत पहिली बायको आणि मूल गेलं. बडोद्याला परत येऊन पुन्हा फोटोचा धंदा, तो चालेना, कारण कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो असा लोकांचा समज. मग नाटक कंपन्यांसाठी पडदे रंगवणं. मग जादूचे प्रयोग! 'फाळके' उलटं वाचून 'प्रोफेसर केळफा' हे नाव घेतलं. १९०२ साली दुसरं लग्न. मग सरकारी नोकरी, पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समन आणि फोटोग्राफर. तीही सोडली. मग लोणावळ्याला छपाईचा व्यवसाय, रवी वर्म्यांच्या चित्रांच्या छपाईचं काम. पुढे दादरला लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स. नवी यंत्रं आणायला १९०९ साली जर्मनीची वारी. मग भागीदारांशी खटके, आणि त्या प्रेसमधूनही बाहेर.

हा बायोडेटा आज एखाद्या एचआरकडे गेला तर काय होईल? "कॅन्डिडेट स्टेबल नाही." वय चाळीस, पदरात मुलंबाळं, आणि हातात काम नाही.

याच सुमारास गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी तो ख्रिस्ताचा चित्रपट पाहिला. १९१७ साली 'नवयुग' मासिकात त्यांनी स्वतःच लिहिलंय की पडद्यावर ख्रिस्त दिसत होता, पण डोळ्यांसमोर आपले राम-कृष्ण, गोकुळ आणि अयोध्या येत होती. आपल्या गोष्टीतला 'झपाटण्या'चा क्षण तो हाच.

पण त्या थिएटरात त्या दिवशी बाकीही शेकडो माणसं बसली होती. त्यांच्यापैकी कुणी घरी जाऊन 'हे बनतं कसं' याच्या मागे लागलं नाही. फाळक्यांना मात्र त्यातलं अर्धं आधीच येत होतं. डार्करूममधली रसायनं फोटोग्राफीतून आणि ब्लॉकमेकिंगमधून माहीत. रंगवलेला पडदा लांबून कसा दिसतो ते नाटक कंपन्यांमुळे माहीत. बघणाऱ्याची नजर कशी चुकवायची हे जादूमुळे माहीत (तिकडे पॅरिसमध्ये ट्रिक सीन गाजवणारा जॉर्ज मेलिएसही मुळात जादूगारच, हा योगायोग नसावा). परदेशातून यंत्र आणायचं आणि माणसं कामाला लावायची, हे प्रेसमुळे माहीत. ज्या कामांना नातेवाईक 'धरसोड' म्हणत असतील, ती सगळी कामं एका जागी येऊन जुळली. अर्थात हे आपल्याला मागे वळून बघताना दिसतं. गोध्र्याच्या स्टुडिओत बसलेल्या फाळक्यांना यातलं काही दिसत असेल असं मला वाटत नाही.

आता पैशांचं बोलू, कारण जेवणाच्या टेबलावर खरा प्रश्न तोच होता.

फाळक्यांनी आधी एक छोटा कॅमेरा आणि काही रिळं मिळवली आणि घरी प्रयोग सुरू केले. दिवसाला चार-पाच तास सिनेमे बघायचे, उरलेल्या वेळात खटपट, झोप जेमतेम. इतकी की डोळे गेले. खरोखर दिसेनासं झालं, उपचार आणि विश्रांतीनंतर नजर परत आली. मग १२,००० रुपयांच्या विमा पॉलिसी गहाण ठेवून १०,००० रुपयांचं कर्ज काढलं, आणि १ फेब्रुवारी १९१२ला लंडनची बोट धरली. तिथे 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या संपादकाला गाठलं. त्याने आधी 'या फंदात पडू नका' असंच सांगितलं, पण नंतर सेसिल हेपवर्थ या निर्मात्याच्या स्टुडिओपर्यंत पोचवलं. विल्यमसन कॅमेरा, फिल्मला भोकं पाडायचं यंत्र आणि कच्ची फिल्म यांची व्यवस्था करून फाळके एप्रिलमध्ये परत.

सिनेमाला अजून बराच पैसा लागणार होता. देणाऱ्याला दाखवणार काय? तर त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. कॅमेरा समोर रोवून ठराविक वेळाने एक-एक फ्रेम टिपत गेले. पडद्यावर तो वाटाणा मिनिटभरात कोंब फोडून भराभर वाढताना दिसला. हीच 'अंकुराची वाढ'. ती पट्टी पाहून पैसे देणारे तयार झाले. आपण क्लायंटला डेमो देतो ना, तसाच हा डेमो. भाषण नाही, 'माझ्यावर विश्वास ठेवा' नाही. एक वाटाणा.

मग बिऱ्हाड गिरगाव सोडून दादरला आलं. दादर मेन रोड, म्हणजे दादर पूर्वेचा आजचा दादासाहेब फाळके रोड. पुढे रणजीत स्टुडिओही याच रस्त्यावर झाला. तिथल्या बंगल्यातच सेट लागला. बायकांची कामं करायला बायका मिळेनात, तेव्हा ग्रँट रोडच्या एका हॉटेलात काम करणारा अण्णा साळुंके हा तरुण तारामती झाला. हॉटेलात पगार महिना १० रुपये, फाळक्यांनी १५ देऊ केले. सहज हिशोब केला, फाळक्यांचं १०,००० रुपयांचं कर्ज म्हणजे साळुंक्यांचा पंचावन्न वर्षांचा पगार! रोहिदास झाला फाळक्यांचा थोरला मुलगा भालचंद्र.

आणि आता त्या बाईंबद्दल, ज्यांचं नाव जेवणाच्या टेबलावर कुणी घेतलं नाही. सरस्वतीबाई फाळके.

तेव्हा कच्ची फिल्म कोरी यायची. कडेची भोकं आपणच पाडायची, तीही अंधारात, आणि एक भोक जरी सरकलं तरी चित्र पडद्यावर उड्या मारणार. हे काम सरस्वतीबाई शिकल्या. 'राजा हरिश्चंद्र'ची लांबी सुमारे ३,७०० फूट. ३५ मिलिमीटरच्या फिल्मला फुटाला १६ फ्रेम, प्रत्येक फ्रेमला दोन्ही कडांना चार-चार भोकं. गुणाकार करा. पावणेपाच लाखांच्या आसपास भोकं, आणि त्यात वाया गेलेली फिल्म धरलेली नाही! फिल्म धुणं, रसायनं कालवणं हेही त्या करायच्या. शूटिंगच्या वेळी उन्हाचा उजेड नटांच्या तोंडावर पडावा म्हणून पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहायच्या. आणि हे सगळं करून साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक. पदरात मुलं होतीच. मला वाटतं, भारतीय सिनेमाची पहिली तंत्रज्ञ म्हणून त्यांचं नाव घ्यायला कुणाची हरकत नसावी.

सहा महिने सत्तावीस दिवसांत सिनेमा पूर्ण झाला. २१ एप्रिल १९१३ला ग्रँट रोडच्या ऑलिंपियात निमंत्रितांसाठी खेळ, आणि ३ मे १९१३ला गिरगावात सँडहर्स्ट रोडवरच्या, म्हणजे आजच्या सरदार पटेल रोडवरच्या, कोरोनेशनमध्ये तिकीट लावून. सिनेमा चालला.

इथे एक दुसरा बायोडेटा जोडतो. याच कोरोनेशनमध्ये वर्षभर आधी, १८ मे १९१२ला, 'श्री पुंडलिक' लागला होता. करणारे रामचंद्र गोपाळ तोरणे, वय बावीस, एका इलेक्ट्रिकल कंपनीत नोकरी. नाटकाचंच चित्रीकरण केलेलं, कॅमेरामन इंग्रज, फिल्म धुवायला गेली लंडनला. तोरण्यांनी नोकरी सोडली नाही. पुढे कंपनीने कराचीला बदली केली, तिकडेही गेले. पण सिनेमाही सोडला नाही. बोलपट आले तेव्हा ध्वनियंत्रांच्या धंद्यात उतरले आणि पुण्याला सरस्वती सिनेटोन ही स्वतःची कंपनी काढली. म्हणजे नोकरी धरूनही माणूस सिनेमाचा राहू शकतो. वीस वर्षं वाट बघायची तयारी हवी, एवढंच.

आणि फाळक्यांचं पुढे काय झालं? हा भाग भाषणात नसतो. १९१३मध्येच ते नाशिकला गेले. पहिल्या महायुद्धाच्या काळात पैसा आटला, सरस्वतीबाईंच्या दागिन्यांपर्यंत वेळ आली. १९१७च्या 'लंकादहन'ने पुन्हा हात दिला. १९१८ साली भांडवलदारांबरोबर हिंदुस्तान फिल्म कंपनी सुरू झाली. पगार, भागीदार, बजेट सगळं रीतसर. आणि वर्ष-दीड वर्षात पुन्हा खटके! फाळके सगळं सोडून काशीला गेले. काही वर्षांनी त्याच कंपनीत परतले, पण पूर्वीचा रंग आला नाही. शेवटचा चित्रपट 'गंगावतरण', १९३७, कोल्हापूर सिनेटोनसाठी. शेवटची वर्षं ओढगस्तीची. १६ फेब्रुवारी १९४४ला नाशिकला गेले. त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला तो त्यानंतर पंचवीस वर्षांनी, १९६९ साली.

म्हणून 'फाळक्यांनी असाच विचार केला असता तर' हे वाक्य मला आता कुणाच्याच बाजूने वापरावंसं वाटत नाही. 'सोड नोकरी' म्हणणाऱ्यांनी ती पंचवीस वर्षं, ते डोळे, ती पावणेपाच लाख भोकं आणि ती ओढगस्त हिशोबात धरलेली नसते. 'वेडा आहे' म्हणणाऱ्यांना तो वाटाणा दिसलेला नसतो. पॅशन आहे का, हा प्रश्नच मला आता थोडा फालतू वाटतो. ती थिएटरात बसलेल्या निम्म्या लोकांना असते. हातात काय आहे, दाखवायला काय आहे, आणि आपण अंधारात चाचपडत असताना घरी स्वयंपाक कोण करतंय, हे तीन प्रश्न विचारले तर काहीतरी उत्तर मिळतं.

सोमवारी त्याला खाली चहाला नेलं आणि तिन्ही प्रश्न विचारले. पहिल्याला तो म्हणाला, गेली चार वर्षं मंडळाच्या आगमन-विसर्जनाचे व्हिडिओ तोच कापतो, रात्री जागून. दुसऱ्याला त्याने फोन काढला आणि तीन मिनिटांचा एक व्हिडिओ दाखवला. लालबागच्या चाळीतल्या एका म्हाताऱ्या आजोबांचा, गिरणीत होते ते. मी चहा प्यायचा विसरलो.

तिसऱ्या प्रश्नाला जरा थांबला. म्हणाला, "आई. तिने सांगितलंय, दीड वर्ष घर मी बघते. दीड वर्षाने हिशोब द्यायचा."

"आणि तू काय म्हणालास?"

"काय म्हणणार? हो म्हटलं. पण तेव्हापासून झोप नाही रे."

मला बरं वाटलं. ज्याला झोप येत नाही त्याने बहुतेक हिशोब नीट केलाय.

निघताना त्याने सहज विचारलं, "तू घेतला होतास ना एक कॅमेरा, तीन वर्षांपूर्वी? काय काढतोस सध्या?"

मी म्हटलं, चल, स्टँडअप मीटिंगला उशीर होतोय.