पिशवी आणि खाडा

दिवाळी सरली की कोगनोळीच्या शिवारात ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. माळावर खोपी उभ्या राहतात आणि पहाटेच्या अंधारात फडातून कोयत्यांचा आवाज येऊ लागतो. मराठवाड्यातून येणारी ही माणसे आम्ही लहानपणापासून पाहत आलो. त्यांतील बायकांचे दुखणे मात्र पाहिले नाही. उभी हयात सरकारी दप्तरे सांभाळण्यात गेली, तरी हे दुखणे कोणत्या दप्तरात नोंदले जाते, हा प्रश्न आम्हांस निवृत्तीनंतरच पडला.

गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया तशी अर्वाचीन. मँचेस्टर येथे चार्ल्स क्ले यांनी १८४३ साली पोट उघडून ती केली, तेव्हा रुग्णा वाचली नाही. पुढे भूल, जंतुनाशन व रक्त देण्याची सोय झाली आणि कर्करोग, अनावर रक्तस्राव अशा व्याधींत याच शस्त्रक्रियेने असंख्य प्राण वाचविले. दोष शस्त्रक्रियेचा नव्हे. उपचारांच्या अखेरीस यावयाची पायरी पहिलीच कशी झाली, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे अर्धे उत्तर गडचिरोलीत सापडते. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. शेकडा ९२ स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होते. पूर्वी कधी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या शेकडा ८. ओटीपोटातील कळा, पांढरे जाणे, कंबरदुखी हे सारे बाईच्या जातीला लागलेलेच, अशी समजूत घरोघरी होती.

उरलेले अर्धे उत्तर उसाच्या फडात आहे. १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाला, पुढे कारखाने वाढले आणि दुष्काळी बीडमधून तोडीला माणसे निघाली. मुकादम नवरा-बायकोच्या जोडीला मिळून ‘एक कोयता’ धरतो व हंगामापूर्वी उचल देतो. काम चुकले तर खाडा. २०१९ च्या वृत्तांतांनुसार एका दिवसाचा खाडा ५०० रुपयांपर्यंत जाई. पाळीच्या चार दिवसांत मोळ्या वाहाव्यात तर अंग साथ देत नाही, बसावे तर खाडा. आडोसा नाही, पुरेसे पाणी नाही, जंतुसंसर्ग बळावतो. अशी बाई दवाखान्यात गेली की औषधपाण्याऐवजी कर्करोगाची भीती घातली जाई आणि ‘मुले झाली, आता पिशवी काढून टाका’ हा सल्ला मिळे. खर्चासाठी पुन्हा उचल!

२०१९ साली महाराष्ट्र शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, म्हणजे शेकडा सुमारे १७. त्यांत तिशी-पस्तिशीच्या स्त्रियाही होत्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांत हे प्रमाण देशभरात शेकडा तीनच्या आसपास आहे. अंडाशयही काढले गेल्यास ऐन तारुण्यात रजोनिवृत्ती येते, हाडे ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करण्याचा आदेश सर्व राज्यांना दिला. त्यांत जिल्हावार देखरेख समित्याही आहेत. दप्तर उघडले, पण फार उशिरा.

आमच्या धाकट्या आत्याची पिशवी तिच्या पस्तिशीच्या आत काढली होती. कित्येक वर्षे पोटाशी उशी धरून ती माजघरात पडून असे आणि घरातली पुरुषमंडळी ‘बायकांचे दुखणे’ म्हणून विषय मिटवीत. शस्त्रक्रियेनंतर ‘सुटले बाई’ असे ती म्हणे, ते खरेच होते. पण तिला तीन महिने कोणी घागर उचलू दिली नव्हती. फडातल्या बाईच्या वाट्याला ती विश्रांती येत नाही. उचल फेडण्यासाठी तिला लवकरच मोळी डोक्यावर घ्यावी लागते.

मुकादमाला दोष देणे सोपे आहे. पण ऊस वेळेत तुटावा म्हणून मुकादमाकडे तगादा लावणारे कोण? सीमाभागातील आपली जुनी, जमीनजुमला असलेली घराणीच ना? दूधगंगेच्या पाण्यावर आपला ऊस पोसला. तो तोडणारीला आडोसा, स्वच्छ पाणी, आरोग्य केंद्रातील परिचारिकेची एक फेरी आणि खाडा न धरता दोन दिवसांची विश्रांती, एवढे आपल्याला देता येईल. यंदा टोळी उतरेल तेव्हा आमच्या शेतापासून आम्ही आरंभ करणार आहोत. आपणही आपापल्या बांधावर जाऊन एवढे विचारावे.