दहा नंबरची वायर, पण कोणाचा दहा?

बुटाचा नंबर वाढला की बूट मोठा होतो. शर्टाचंही तसंच. मग वायरचा नंबर वाढला की वायर बारीक का होते? कधी विचार केलाय? मी तरी या वर्षीपर्यंत केला नव्हता.

निमित्त झालं ते असं. ऑफिसातल्या आम्ही चौघांनी मिळून एक जुनी व्हॅन घेतली आणि तिची कॅराव्हॅन करायला घेतली. दोन बर्थ, छोटा फ्रिज, दिवे, मोबाइल-लॅपटॉप चार्जिंग. महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून हा किडा डोक्यात होताच :) नागपूरहून हैदराबादकडे निघालो. हिंगणघाट मागे टाकलं की याच हायवेवर वडनेर लागतं. पूर्वी हा वाराणसी-कन्याकुमारी सात नंबरचा हायवे होता, आता श्रीनगर-कन्याकुमारी चव्वेचाळीस. म्हणजे नंबर बदलण्याची परंपरा रस्त्यांतही आहेच.

तिथल्या ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात मी 'दहा स्क्वेअर एमएम केबल' मागितली. दुकानदार म्हणाले, "नंबर सांगा ना भाऊ, मिलिमीटर कायले?"

प्रश्न अगदी रास्त होता. पण गंमत अशी की आमच्या इंटरनेटवरच्या आकृतीत 'दहा गेज' होतं, दुकानदारांच्या डोक्यात त्यांचा दहा नंबर होता आणि माझ्या कागदावर दहा स्क्वेअर एमएम. तीन वेगळे दहा!

आता थोडं मागे जाऊ. तार बनवायची जुनी रीत म्हणजे धातूची सळई एकाहून एक लहान भोकांतून ओढत न्यायची. जितक्या जास्त वेळा ओढली, तितकी ती बारीक. 'नंबर' साधारण या ओढण्याच्या पायऱ्यांचा. म्हणून नंबर मोठा तर तार बारीक. पण भोकांची मापं प्रत्येक कारखान्याची आपापली. १८५७ मध्ये अमेरिकेत ब्राउन अँड शार्प कंपनीनं गणिती सूत्रावर एक गेज बसवलं, तेच आजचं अमेरिकन गेज. ब्रिटननं १८८४ मध्ये स्वतःचं स्टँडर्ड गेज कायदेशीर केलं. आपण तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यात, म्हणून आपल्याकडे ब्रिटिश नंबर रुजले. मेट्रिक मापांचा कायदा आपण १९५६ मध्ये केला, तरी घरातल्या वायरिंगसाठी जुने इलेक्ट्रिशियन अजून 'तीन-बावीस', 'सात-वीस' म्हणतात. म्हणजे बावीस गेजच्या तीन तारा, वीस गेजच्या सात तारा. साम्राज्य गेलं, भोकं राहिली.

फरक किती पडतो? अमेरिकन दहा गेज म्हणजे सुमारे ५.३ स्क्वेअर एमएम. ब्रिटिश दहा म्हणजे सुमारे ८.३. आणि माझ्या कागदावर चक्क १०. एकाच आकड्यात जवळजवळ दुपटीचा फरक.

घरात २३० व्होल्ट असतात, तिथे थोडं इकडे-तिकडे झालं तरी खपून जातं. कॅराव्हॅनमध्ये १२ व्होल्ट. तेवढ्याच वॅटसाठी जवळजवळ वीसपट करंट. इंजिनच्या डायनॅमोपासून मागच्या बॅटरीपर्यंत आमचं अंतर ५ मीटर, जाऊन-येऊन १०. चार्जिंगचा करंट ४० अँपिअर धरा. १० स्क्वेअर एमएममध्ये ०.७ व्होल्ट वाटेतच जातात. २५ मध्ये ०.२८. आणि घरगुती २.५ ची वायर लावली तर २.८ व्होल्ट, म्हणजे बॅटरी चार्ज तर होत नाहीच, वर शंभरावर वॅटची उष्णता बर्थखालच्या वायरमध्ये. झोपलेल्या माणसाखाली शेगडीच म्हणा ना.

मग गाडीच्या स्टार्टरची जाड केबल असतेच की, असं कुणी म्हणेल. ती कथा १९१२ ची. चार्ल्स केटरिंगनं बनवलेला इलेक्ट्रिक सेल्फ-स्टार्टर त्या वर्षीच्या कॅडिलॅकमध्ये आला आणि हँडल मारायची कटकट संपू लागली. पण स्टार्टरला शेकडो अँपिअर लागतात ते काही सेकंदच. केबल तापायच्या आत काम संपतं. फ्रिज मात्र रात्रभर चालतो, चार्जिंग तासन् तास. म्हणून स्टार्टरचा हिशेब इथे लावायचा नाही.

टर्मिनलचंही तसंच. शिशाचे ते दोन पोल नीट बघा. प्लसचा जाड, मायनसचा बारीक. नेहमीच्या मोठ्या पोलांत वरचा व्यास १७.५ आणि १५.९ मिलिमीटर. उलटं जोडलं जाऊ नये म्हणून केलेली ही साधी युक्ती. गरजही होती, कारण अनेक ब्रिटिश गाड्यांत १९६० च्या दशकापर्यंत प्लस बॉडीला जोडलेला असे, इतरत्र मायनस. जपानी मापाच्या लहान बॅटऱ्यांचे पोल तर आणखी बारीक. मोठा क्लॅम्प त्यावर सैल बसतो, मग आत पत्र्याची पट्टी कोंबायची वेळ येते. त्या सैल जोडात नुसता ०.०१ ओहम रोध आला तरी ४० अँपिअरला १६ वॅट, तेही एका नखाएवढ्या जागेत. बहुतेक वेळा आधी वितळतो तो जोड, वायर नंतर.

आम्ही शेवटी काय घेतलं? २५ स्क्वेअर एमएमची मऊ, बहुतारी, शुद्ध तांब्याची केबल (तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची नव्हे, टोक खरवडलं की आतली पांढरी चमक दिसते). कल्हई केलेले तांब्याचे लग, सोल्डर न करता दाबयंत्रानं क्रिम्प केलेले. पोलाच्या मापाचे क्लॅम्प. आणि दोन्ही बॅटऱ्यांच्या प्लसपाशी एकेक फ्यूज, कारण दोन्हीकडून करंट येऊ शकतो.

दुकानदारांनी सगळं ऐकून घेतलं, तार बोटांत फिरवून पाहिली आणि म्हणाले, "मंग असं सांगा ना, जाड पाहिजे."

दीडशे वर्षांच्या गेजच्या भांडणाचा याहून छोटा निवाडा मला तरी माहीत नाही. फक्त 'जाड' म्हणजे किती, ते स्क्वेअर एमएममध्येच विचारा. तो आकडा कुठल्याही देशात बदलत नाही.