कळा नसलेला दूरध्वनि

नवें यंत्र हातांत पडण्यापूर्वींच त्याच्यावर वाद सुरू व्हावा, ही गोष्ट आतां नित्याची झाली आहे. एखादी कंपनी आपला नवा स्मार्टफोन जाहीर करते आणि त्याच दिवशीं घरोघर दोन पक्ष उभे राहतात. एक पक्ष गुणांची यादी वाचतो, दुसरा उणिवांची. कॅमेरा कसा आहे, बॅटरी किती तास पुरेल, जुन्यापेक्षां यांत अधिक तें काय आणि त्यासाठीं इतके पैसे कां मोजावे, असे प्रश्न विचारले जातात. या वादांत बोलणाऱ्यांना माहिती नसते असें मुळींच नाहीं. पुष्कळदां त्यांची माहिती बिनचूक असते. चुकतो तो तिच्यावरून काढलेला निष्कर्ष. असें कां व्हावें, हें समजून घेण्यासाठीं या प्रकारच्या वादांपैकीं सर्वांत गाजलेल्या वादाचा इतिहास पाहणें उपयुक्त ठरेल. तो वाद ९ जानेवारी २००७ रोजीं अमेरिकेंतील सॅन फ्रान्सिस्को शहरीं सुरू झाला आणि त्याचा विषय होता ॲपल कंपनीचा आयफोन.

स्मार्टफोन त्या दिवशीं जन्मास आला असें मात्र नव्हे. बोलण्याच्या यंत्रांत लहानसा संगणक बसवावा ही कल्पना त्याहून जुनी आहे. आयबीएम कंपनीचा ‘सायमन’ १९९४ मध्यें अमेरिकेंत विक्रीस आला. त्याचें काम पडद्यास स्पर्श करून चाले व त्यावरून फॅक्सहि पाठवितां येई. पण वजन सुमारें अर्धा किलो, आणि बोलूं लागलें कीं बॅटरी तासाभरांत उतरे. १९९६ मध्यें फिनलंडच्या नोकिया कंपनीनें ‘कम्युनिकेटर’ काढला. तो एखाद्या पेटीप्रमाणें उघडे आणि आंत संपूर्ण कळफलक दिसे. पुढें कॅनडांतील वॉटर्लू गांवच्या कंपनीनें ‘ब्लॅकबेरी’ काढून दोन आंगठ्यांनीं भराभर पत्रें लिहिण्याची सोय करून दिली, आणि वकील, अधिकारी, व्यापारी यांच्या खिशांत तो मानाची वस्तु होऊन बसला. २००७ उजाडलें तेव्हां स्मार्टफोन म्हणजे पुष्कळ कळांचा फोन, ही समजूत पक्की झालेली होती.

अशा वेळीं सॅन फ्रान्सिस्कोच्या मॉस्कोनी केंद्रांत भरलेल्या ‘मॅकवर्ल्ड’ प्रदर्शनांत ॲपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स व्यासपीठावर आले. आपण तीन वस्तु दाखविणार, असें त्यांनीं प्रथम सांगितलें: स्पर्शानें चालणारें संगीताचें यंत्र, एक दूरध्वनि, आणि इंटरनेटवर संचार करण्याचें साधन. हीं नांवें पुनःपुन्हां उच्चारून शेवटीं या तीन वस्तु नसून एकच आहे, हें त्यांनीं उघड केलें. त्या यंत्राचा पडदा साडेतीन इंचांचा, वजन १३५ ग्रॅम, आणि दर्शनी बाजूस एकच वाटोळी कळ होती. किंमत ४९९ आणि ५९९ डॉलर, तीहि एका ठराविक सेवा-कंपनीशीं दोन वर्षांचा करार केला तर. विक्री मात्र जूनमध्यें व्हावयाची होती. म्हणजे जवळजवळ सहा महिने ही वस्तु डोळ्यांना दिसत होती, पण हाताला लागत नव्हती. वादाला याहून सुपीक काळ कोणता?

टीकाकारांनीं केलेली उणिवांची यादी लांब होती आणि तींतील मुख्य कलमें खरीं होतीं. तिसऱ्या पिढीचें, म्हणजे थ्री-जीचें, जलद जाळें या फोनला वापरतां येत नव्हतें. कॅमेरा दोन मेगापिक्सेलचा, आणि त्यानें चलच्चित्र घेतां येत नसे. संदेशाबरोबर छायाचित्र धाडतां येत नसे. एका ठिकाणचा मजकूर उचलून दुसऱ्या ठिकाणीं ठेवण्याची साधी सोयहि नव्हती. बॅटरी बदलावयाची तर मालकाला स्वतः ती काढतां येत नव्हती. बाहेरच्या कोणा कारागिरानें लिहिलेला कार्यक्रम त्यांत बसवितां येत नव्हता. उलट नोकियाचा एन-९५ हा फोन त्याच सुमारास पांच मेगापिक्सेलचा कॅमेरा, जलद जाळें आणि उपग्रहांवरून वाट दाखविण्याची सोय घेऊन बाजारांत येत होता. दोन्ही याद्या शेजारीं ठेवल्या तर पारडें कोणीकडे झुकतें, हें सांगावयास तज्ज्ञ नको होता.

या टीकेंत सर्वांत मोठा आवाज मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बामर यांचा होता. एका मुलाखतींत किंमत ऐकून ते मोठ्यानें हंसले, आणि कळफलक नसल्यामुळें हा फोन व्यावसायिकांना रुचणार नाहीं असा अभिप्राय त्यांनीं दिला. बामर यांच्या कंपनीचे कार्यक्रम इतर फोनांत चालत असल्यामुळें त्यांचें मत निःस्वार्थ नव्हतें, हें खरें. परंतु तें केवळ मत्सराचें होतें असेंहि म्हणतां येत नाहीं. जगांत तेव्हां वर्षाला शंभर कोटींच्या आसपास फोन खपत, आणि २००८ सालीं त्यांतील शेंकडा एक, म्हणजे एक कोटी, आपल्या वांट्यास यावे, एवढेंच उद्दिष्ट खुद्द जॉब्स यांनीं सांगितलें होतें.

आतां दुसऱ्या पक्षाची बाजू. तिचें मर्म कळांच्या प्रश्नांतच आहे. फोनवर बसविलेल्या कळा हव्या असोत वा नसोत, आपली जागा अडवून बसतात. चित्र पाहतांना त्यांचा उपयोग नाहीं, नकाशा वाचतांना नाहीं, गाणें ऐकतांना नाहीं. पण त्या हलत नाहींत. पडद्यावर उमटणाऱ्या कळांचें तसें नव्हे. आपल्याकडील मध्यमवर्गीय घरांत ज्या खोलींत दुपारीं पंगत बसते, तेथेंच सायंकाळीं सतरंजी अंथरून पाहुण्यांची बैठक होते आणि रात्रीं गाद्या पडतात. एकच जागा वेळेप्रमाणें निरनिराळ्या कामास येते. आयफोनचा पडदा ही तशी खोली होती. टीकाकार तींत पलंग कोठें आहे म्हणून विचारीत होते, आणि पलंग नाहीं हें त्यांचें म्हणणें अगदीं बरोबर होतें.

ही किमया साधली कशी, हेंहि पाहण्यासारखें आहे. त्यापूर्वींचे बहुतेक स्पर्शपडदे दाबानें चालत. त्यांवर नखानें किंवा बारीक काडीनें टोंचावें लागे. नव्या पडद्यांत पृष्ठभागाखालीं विजेचे सूक्ष्म पारदर्शक वाहक पसरलेले असतात. माणसाचें बोट विजेचें वाहक असल्यामुळें तें जवळ येतांच त्या ठिकाणचा विद्युद्भार किंचित् बदलतो आणि यंत्राला जागा समजते. दाबण्याची गरज उरत नाहीं. हें तत्त्व नवें नव्हतें. इंग्लंडमध्यें मॅल्व्हर्न येथील सरकारी रडार-संस्थेंत ई. ए. जॉन्सन यांनीं १९६५ सालींच अशा पडद्याचें वर्णन प्रसिद्ध केलें होतें. एका वेळीं अनेक बोटें ओळखण्याच्या विद्येवर काम करणारी ‘फिंगरवर्क्स’ ही लहान कंपनी ॲपलनें २००५ मध्यें विकत घेतली होती. दोन बोटें फांकवून चित्र मोठें करावें, यादी बोटानें ढकलावी आणि ती हळूहळू मंदावत थांबावी, शेवटास पोंचतांच किंचित् उसळी घेऊन मागें यावी, हें सर्व त्यांतून साधलें. लहान मुलालाहि तें शिकवावें लागलें नाहीं. परंतु त्या उसळीसाठीं गुणांच्या यादींत रकानाच नव्हता. जें मोजतां येतें तें टीकाकारांनीं मोजलें. जें हाताला जाणवतें तें मोजण्याचें माप त्यांच्याजवळ नव्हतें.

२९ जून २००७ रोजीं विक्री सुरू झाली आणि ७४ दिवसांत दहा लाख फोन खपले. येथें इतिहास संपला असता तर टीकाकारांची फजिती झाली, एवढेंच सांगून मोकळें होतां आलें असतें. परंतु पुढील दोन वर्षांत जें घडलें तें टीकाकारांच्या बाजूनें आहे, आणि तें सहसा सांगितलें जात नाहीं. विक्रीपूर्वीं अकरा दिवस कंपनीनें पडद्यावरचें प्लास्टिक बदलून कांच बसविल्याचें जाहीर केलें. सप्टेंबरांत किंमत एकाएकी दोनशें डॉलरांनीं उतरविली. तेव्हां आधीं घेणाऱ्यांनीं असा गिल्ला केला कीं दुसऱ्याच दिवशीं त्यांना शंभर डॉलरांची भरपाई उधारपत्रानें द्यावी लागली. जुलै २००८ मध्यें थ्री-जी जाळें आलें आणि बाहेरच्या कारागिरांचे कार्यक्रम विकणारें दुकानहि ५०० कार्यक्रमांसह उघडलें. २००९ मध्यें मजकूर उचलून ठेवण्याची, चित्र धाडण्याची व चलच्चित्र घेण्याची सोय झाली. म्हणजे ज्या यादीला भाविक ग्राहक हंसत होते, तीच यादी निर्मात्यानें पुढें ठेवून एकेक कलम भरून काढलें. त्यांतहि कार्यक्रमांच्या दुकानाशिवाय आजच्या स्मार्टफोनची कल्पनाहि करवत नाहीं.

कळांच्या वादांतहि टीकाकारांच्या बाजूस एक गंभीर सत्य होतें. कळेचा उंचवटा बोटाला लागतो. न पाहतां अंक दाबतां येतात. दृष्टिहीन माणसाला ही केवळ सोय नव्हती, ती त्याची वाट होती. गुळगुळीत पडदा म्हणजे त्याच्या तोंडावर लावलेलें दार. जून २००९ मध्यें आलेल्या ‘३जीएस’ या फोनांत बोटाखालीं काय आहे तें वाचून दाखविणारा आवाज बसविण्यांत आला, तेव्हां कोठें तें दार उघडलें. पहिल्या दोन वर्षांत त्या मंडळींनीं काय करावयाचें होतें, याचें उत्तर खपाच्या आकड्यांत मिळत नाहीं.

हिंदुस्थानांत हा वाद निराळ्या रूपानें पोंचला. येथें आयफोन २२ ऑगस्ट २००८ रोजीं एअरटेल आणि व्होडाफोन या कंपन्यांमार्फत आला. त्याची कमींत कमी किंमत ३१,००० रुपये होती. अमेरिकेंत तोच फोन दोन वर्षांच्या करारावर १९९ डॉलरांना, म्हणजे त्या वेळच्या दरानें सुमारें साडेआठ हजारांना मिळत असे. करारांतून ती रक्कम वसूल होते, हें येथील ग्राहकाला कोणी नीट समजावून सांगितलें नाहीं. शिवाय ज्या थ्री-जी जाळ्यावरून त्या फोनला नांव मिळालें, तें जाळेंच तेव्हां आपल्या देशांत सुरू झालेलें नव्हतें. याच देशांत २००३ सालचा ‘नोकिया ११००’ अत्यंत लोकप्रिय होता. त्यांत कॅमेरा नव्हता, रंगीत पडदा नव्हता. परंतु धूळ आंत न जाऊं देणारा कळफलक आणि लहानशी विजेरी होती. वीज गेलेल्या घरांत त्या विजेरीची किंमत साडेतीन इंचांच्या पडद्याहून अधिक होती. गुण हा यंत्रांत असतो तितकाच तो वापरणाऱ्याच्या गरजेंत असतो, याचें याहून सोपें उदाहरण नाहीं.

प्रतिस्पर्ध्यांची गोष्ट थोडक्यांत सांगतां येईल. २००८ च्या सुमारास जगांतील दर दहा फोनांपैकीं सुमारें चार नोकियाचे होते; २०१४ च्या एप्रिलांत नोकियानें आपला फोनांचा धंदा मायक्रोसॉफ्टला विकला. ब्लॅकबेरीनें २०१६ मध्यें स्वतः फोन घडविण्याचें काम सोडलें. गूगलची ‘अँड्रॉइड’ प्रणाली वापरणारा पहिला फोन २००८ मध्यें कळफलकासह आला होता, पण लवकरच त्या प्रणालीच्या फोनांनींहि कळांचा त्याग केला, आणि आज जगांतील बहुसंख्य फोन तिच्यावर चालतात. या उलथापालथींत कंपन्यांबरोबर माणसेंहि सांपडलीं. फिनलंडमधील सालो गांवचा नोकियाचा कारखाना २०१२ मध्यें बंद झाला. चेन्नईजवळील श्रीपेरुंबुदूरचा कारखाना १ नोव्हेंबर २०१४ रोजीं थांबला. त्यास कराचा तंटाहि कारण झाला, पण हजारों कामगारांच्या हातचें काम गेलें तें गेलेंच. ज्या वादाकडे लोक करमणूक म्हणून पाहतात, त्याचा निकाल असा दूरच्या चुलींपर्यंत पोंचतो.

शेवटीं एका न विचारलेल्या प्रश्नाचा उल्लेख अवश्य आहे. २००७ च्या त्या सहा महिन्यांत कळा, कॅमेरा, किंमत, बॅटरी यांवर पुष्कळ शाई खर्ची पडली. बॅटरी किती तास टिकेल हा प्रश्न तर अग्रस्थानीं होता. परंतु हें यंत्र माणसाचे किती तास घेईल, हा प्रश्न त्या मानानें क्वचितच कानीं आला. त्याचें उत्तर मिळावयास अकरा वर्षें लागलीं. २०१८ मध्यें ॲपलनेंच आपल्या फोनांत ‘स्क्रीन टाइम’ नांवाचा हिशेब बसविला. मालकानें दिवसभरांत पडद्यापुढें किती वेळ घालविला हें तो मिनिटांत दाखवितो. जें आकर्षण गुणांच्या यादींत मोजतां आलें नव्हतें, तें अशा रीतीनें अखेर मोजलें गेलें.

पुढील नवा फोन जाहीर होईल तेव्हां घरांत पुन्हां वाद होईल, आणि तो व्हावाहि. टीकाकारांच्या यादीवांचून यंत्र सुधारत नाहीं, हें या इतिहासानें दाखविलें आहे. मात्र त्या यादीच्या तळाशीं आणखी एक ओळ लिहावी: हें यंत्र आपल्याला काय देतें याबरोबरच आपल्याजवळचें काय घेतें. तें उत्तर दुकानांतल्या फलकावर मिळत नाहीं. तें ज्याचें त्यानें आपल्या घरांतच शोधावयाचें असतें.