सावंतवाडीची लांकडी मोटार

ज्या वस्तूविषयीं मी आज बोलणार आहें ती आहे सहा इंच लांबीची एक लांकडी मोटार. गेल्या पावसाळ्यांत माळ्यावरची अडगळ आवरतांना ती हातीं लागली. एक चाक गेलेलें, हिरव्या रंगाचे पापुद्रे सुटलेले. नातवाला द्यावी म्हणून ती नीट करावयास मी बसलों, आणि सारा जन्म मुलांना इतिहास शिकविणारा मी, त्या खेळण्याचा इतिहास मात्र खरवडून टाकण्याच्या बेतांत होतों.

गाडी सावंतवाडीची. 1966 च्या सुमारास वडिलांनीं ती आणली, तेव्हां तो गांव आमच्याच जिल्ह्यांत होता. 1948 सालीं सावंतवाडी संस्थान विलीन होऊन रत्नागिरी जिल्ह्यास जोडलें गेलें, व 1981 च्या मे महिन्यांत सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. तेथील चितारआळी प्रसिद्धच आहे. चितारी मंडळींचें जुनें काम गंजिफांचें. दशावतारी गंजिफेचीं 120 गोल पानें. प्रत्येक पानाला चिंचोक्याची खळ, खडूचा लेप, वर रंग आणि शेवटीं लाख. हा धंदा अगदीं विझत आला असतां शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनीं राजवाड्यांतच कारागीर बसवून त्यास पुन्हां ऊब दिली. खेळणीं रंगविणारा हातही त्याच घराण्याचा.

परदेशांत जुन्या खेळण्यांना नवी कांति देण्याचें मोठें वेड आहे. अमेरिकेंत 1958 पासून प्लॅस्टिकच्या सुट्या भागांच्या मोटारी खऱ्या गाडीच्या पंचविसाव्या हिश्श्याच्या मापानें मिळूं लागल्या. पॉन्टिॲक जीटीओ ही 1964 सालची दांडगी गाडी. तिच्यासारख्या गाड्यांच्या प्रतिकृतींवरचा जुना रंग उतरवून हौशी लोक त्या पुन्हां रंगवितात. मूळ छटा कोणती, हें त्यांना कारखान्याच्या यादींत सांपडतें. माझ्या गाडीला ना कारखाना, ना यादी. तिच्याविषयीं साक्ष देणारी वस्तु एकच, ती म्हणजे तिच्या अंगावरचे थर.

ते थर मला दिसले ते माझ्या उतावळेपणामुळें. पॉलिश कागद घेऊन मीं टपावर घासावयास सुरुवात केली. हिरव्याखालीं तांबडा निघाला, कडेला पिंवळी रेघ, त्याखालीं खडूचा पांढरा लेप, आणि मग पांगाऱ्याचें हलकें लांकूड. हिरवा रंग वडिलांचा. खिडक्या रंगवून उरलेल्या डब्यांतला तो, 1974 सालीं माझ्या धाकट्या भावासाठीं त्यांनीं चोपडला होता. ब्रशाचा एक केंस त्यांत अजून अडकलेला आहे. भाऊ आतां नाहीं, वडीलही नाहींत.

तेवढ्यांत शेजारच्या तरुण डॉक्टरांनीं मला दटाविलें. जुन्या तैलरंगांत शिसें असे. कोरडें घासलें कीं त्याची धूळ उडते आणि ती मुलांच्या मेंदूस बाधते. आपल्याकडे घरगुती रंगांत दशलक्ष भागांस शिशाचे 90 भाग ही मर्यादा 2016 च्या नियमांनीं घातली. म्हणजे माझी गाडी त्याच्या कितीतरी आधींची. ओल्या फडक्यानें मीं सगळी धूळ टिपून घेतली, आणि कागद टाकून दिला.

चाकासाठीं मात्र सावंतवाडीस जावें लागलें, कारण चाकांचा रंग ब्रशाचा नव्हे. चरकावर लांकूड फिरत असतां लाखेची कांडी दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेनें लाख वितळून बसते, मग केवड्याच्या पानानें तिला झिलई देतात. एका वृद्ध चिताऱ्यानें तें चाक करून दिलें. गाडी तांबडी करून द्याल का, असें विचारतांच त्यानें ती उलटीसुलटी करून पाहिली व म्हणाला, "गुरुजी, तांबडा आमच्या आळीचा, हिरवा तुमच्या घरचा. एक ठेवायचा तर दुसरा जाणार. मी कुणाचा काढूं?"

मला उत्तर देतां आलें नाहीं. त्यानें सुटते पापुद्रे पातळ लाखेनें चिकटवून दिले, आणि नातवासाठीं मीं दुसरी नवी मोटार विकत घेतली. जुनी आतां कांचेच्या कपाटांत आहे, अंगानें हिरवी आणि टपावर रुपयाएवढा तांबडा डाग. नातू रोज विचारतो कीं तिला तेथें काय लागलें आहे.